गुंड्याला कळू न देता

आमच्या घरात मी 'मी बघतो' असं म्हटलं की बायको आधी गॅस बंद करते आणि मग मेन स्विच. तिचा अनुभव दांडगा आहे, त्यामुळे मी वाद घालत नाही. (मागे मी फक्त एक गळका नळ 'बघितला' होता. पाणीपुरवठा कचेरीत हेडक्लार्क असल्यामुळे नळ हा मला आपल्या अधिकारातला विषय वाटतो. त्यानंतर बरेच दिवस आम्ही पाणी खालून भरत होतो.) तरीही त्या दिवशी माझ्या तोंडून ते निघून गेलंच. बायको डोळे पुसत होती, गुंड्या तिच्या पायावर हनुवटी टेकून बसला होता, आणि अशा वेळी नवऱ्याने काहीतरी बोलायचं असतं.

गुंड्या म्हणजे आमचा कुत्रा. मुलीने शाळेत असताना बुटांच्या खोक्यातून आणला होता, 'बाबा, दोनच दिवस' म्हणून. पुढे मुलगी शिकली, नोकरीला लागली, दुसऱ्या गावी राहायला गेली. गुंड्या राहिला. त्याची जात कोणती म्हणून कोणी विचारलं तर आम्ही विषय बदलतो. कान एका जातीचे, शेपूट दुसऱ्या जातीचं आणि आवाज मात्र कुठल्याच जातीत न बसणारा.

तो आवाज हाच खरा घोटाळा होता.

मुलगी गेल्यावर घर खायला उठलं, तेव्हा बायकोने मनावर घेतलं आणि एका दंतवैद्याच्या दवाखान्यात रिसेप्शनिस्टची नोकरी धरली. सध्या कच्ची नोकरी, काम बघून पुढे पक्की करणार होते. इतक्या वर्षांनी ती घराबाहेर पडली होती. स्वतःची पर्स, स्वतःची छत्री, दवाखान्याची स्वतःची किल्ली! रात्रीच्या जेवणाला ती मला पेशंटांचे किस्से सांगायची. कोण खुर्चीत बसायच्या आधीच ओरडलं, कोण कवळी टॅक्सीत विसरलं. सांगता सांगता तिलाच हसू आवरायचं नाही. खरं सांगतो, तिचं ते हसणं मला फार आवडत होतं. मुलगी गेल्यापासून मी ते ऐकलंच नव्हतं.

पण सकाळी ती बाहेर पडायची, तिच्यामागून मी, आणि मग गुंड्या दाराशी बसून गळा काढायचा. साधं भुंकणं नव्हे. आधी खालच्या पट्टीत विव्हळणं, मग हळूहळू चढत जाऊन असा काही हंबरडा की ऐकणाऱ्याला वाटावं, या घरात कोणीतरी गेलं. (दोनदा लोक भेटायला येऊन गेले.)

आमच्या बरोब्बर खाली घरमालक राहतात. ते घड्याळजी. पुढच्या खोलीत त्यांचं दुकान, डोळ्याला भिंग लावून दिवसभर घड्याळं दुरुस्त करत बसतात. एका संध्याकाळी ते वर आले. डोळ्यावरचं भिंग काढायलाही विसरले होते, त्यामुळे एक डोळा माझ्यावर वटारल्यासारखा दिसत होता.

"तुमचा कुत्रा रडला की माझा हात हलतो," ते म्हणाले. "हात हलला की स्प्रिंग उडते. आज उडालेली अजून सापडलेली नाही. गिऱ्हाईक उद्या येणार. त्याला काय सांगू, कुत्र्याला तुमची आठवण आली म्हणून?"

"मालक, थोडे दिवस..."

"पहिल्या तारखेपर्यंत. नाहीतर कुत्रा तरी जाईल, नाहीतर तुम्ही तरी. मी माणूस वाईट नाही हो, पण स्प्रिंग फार बारीक असते."

ते गेले आणि बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. "गुंड्या कुठेही जायचा नाही," ती म्हणाली. "मीच नोकरी सोडते. तो एकटा राहत नसेल तर कोणीतरी घरी राहायलाच हवं ना? बायकांचं हे असंच असतं."

"अगं, सोडतेस काय! मी बघतो."

तिने सवयीने गॅसकडे पाहिलं. तो बंदच होता.

मग आम्ही गुंड्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई तरुण होत्या आणि माझ्यापेक्षा गुंड्याशी जास्त आदराने बोलत होत्या.

"याच्यासाठी एखादी गोळी नाही का?" मी विचारलं.

"देता येतात, पण इथे इतक्यात गरज नाही. त्याला सवय लावावी लागेल. तुम्ही निघणार हे त्याला आधीच कळतं. बूट घातले, किल्ल्या वाजल्या, बॅग उचलली की तो घाबरायला लागतो. तेव्हा बूट घाला आणि बसून राहा. किल्ल्या वाजवा आणि पेपर वाचा. आणि बाहेर जायचं ते आधी अगदी क्षणभर. दार लावायचं, तो शांत असतानाच परत आत यायचं. जाताना लाड नाहीत, आल्यावर गळाभेटी नाहीत. हळूहळू वेळ वाढवायची. घाई केलीत तर सगळं पहिल्यापासून."

बायको एकेक शब्द मन लावून ऐकत होती. मीही ऐकत होतो, पण मला सारांश काढायची सवय आहे. (कचेरीत लोकांची चार पानी तक्रार येते, मी वर 'मीटर बंद' एवढंच लिहितो.) मी काढलेला सारांश असा: आपण निघतोय हे कुत्र्याला कळता कामा नये. बस्स. हे 'हळूहळू' वगैरे मुंगीच्या पावलांनी चाललं असतं तर पहिली तारीख येऊन निघूनही गेली असती.

त्याच संध्याकाळपासून मी कामाला लागलो. पायांत बूट, गळ्यात टाय, खांद्याला कचेरीची बॅग अशा थाटात मी जेवायला बसलो. जेवून झाल्यावर तसाच पलंगावर आडवा झालो आणि पोटावर किल्ल्या वाजवत राहिलो.

"बूट तरी चादरीवरून खाली घ्या," बायको म्हणाली.

"तुला शास्त्र कळत नाही."

"मला चादर धुवायला लागते, ते कळतं."

गुंड्या माझ्याकडे बघत दाराशी बसून राहिला. बूट घातलेला माणूस झोपलाय आणि जात नाहीये, याचा त्याला उलगडा होईना. शेवटी तो बायकोपाशी जाऊन झोपला. मी तो माझा पहिला विजय धरला.

हा झाला पूर्वार्ध. आता उत्तरार्ध म्हणजे निघायचं, पण निघाल्यासारखं दिसायचं नाही. बायको सकाळी लवकर जायची. तिच्यामागून मी रोज पायजम्यात, केस विस्कटलेले, जांभया देत, दुधाची पिशवी घ्यायला चाललोय अशा चेहऱ्याने दाराबाहेर पडू लागलो. हा पायजमा मुलीने वाढदिवसाला दिलेला, त्यावर छोटे छोटे पिवळे हत्ती आहेत. आमच्या दाराला आपोआप लागणारं कुलूप आहे, त्यामुळे दार नुसतं ओढलं की झालं. किल्ली खिशात ठेवायची नाही, कारण किल्ली वाजते. संध्याकाळी बायको माझ्याआधी घरी असायची, ती दार उघडायची.

पण पिवळ्या हत्तींवर कचेरीत जाता येत नाही. त्यावर माझ्या सुपीक डोक्यातून तोडगा निघाला. तळमजल्यावर जिन्याखाली मालकांचं एक माणसाहून उंच लाकडी घड्याळ उभं होतं. नुसता सांगाडाच म्हणा ना. वरची तबकडी आणि यंत्र मालकांनी दुरुस्तीला म्हणून काढलेलं, ते त्यांच्या टेबलावर वर्षानुवर्षं तसंच पडलेलं. खालच्या भागाला एक छान दार, आत कपाटासारखी पोकळी. संध्याकाळी येता येता मी इस्त्रीचे कपडे परस्पर त्यात ठेवू लागलो. खिशात किल्ल्या, खाली बूट आणि बॅग. सकाळी जिन्याखालच्या अंधारात कपडे बदलायचे, पायजमा आत ठेवायचा, की निघालो. एवढी नामी युक्ती मला सुचली याचं माझं मलाच कौतुक वाटत होतं.

दोन-चार दिवसांनी मालकांनी मला पकडलं. माझा एक पाय पॅन्टीत होता आणि दुसरा हत्तींत.

"रोज काढतात का तुम्हाला बाहेर?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

"छे हो! हे कुत्र्यासाठी."

"म्हणजे कुत्र्याला आत ठेवून तुम्हाला बाहेर?"

"तसं नव्हे मालक, त्याला कळू नये म्हणून..."

"असू द्या, असू द्या." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आमच्या हिलाही पहिल्या पहिल्यांदा राग फार यायचा. चहा घेणार?"

मी चहा घेतला. मालकांच्या मनात आपल्याविषयी माया उत्पन्न होते आहे, तर ती मोडा कशाला, असा मी विचार केला. शिवाय गुंड्याचा आवाजही खरोखरच कमी होत चालला होता. आधी विव्हळणं थांबलं, मग कण्हणं राहिलं, मग तेही कधीतरीच. मी चहा पिता पिता वर कान लावून बसायचो आणि स्वतःवर खूश व्हायचो.

पण मालक पक्के. "पहिली तारीख म्हणजे पहिली तारीख," ते म्हणायचे. "त्या दिवशी मी भिंग लावून बसेन. हात हलला नाही तर कुत्रा राहिला."

म्हणून त्यांना आणखी खूश करायची मला बुद्धी झाली. आमचे मोठे साहेब निवृत्त होत होते, निरोप समारंभाची व्यवस्था माझ्याकडे होती, आणि भेट म्हणून घड्याळ द्यायचं ठरलं होतं. साहेब वेळेचे भलते कडक. मी ती ऑर्डर सरळ मालकांना देऊन टाकली.

मालकांचा चेहरा उजळला. "साहेबांना शोभेल असंच देतो. तुम्ही काळजीच करू नका. मी स्वतः येऊन चालू करून देईन."

मी काळजी केली नाही. माझ्या डोळ्यांपुढे भिंतीवरचं एखादं गोल घड्याळ होतं. समारंभ नेमका पहिल्या तारखेला होता, पण त्याचंही मला काही वाटलं नाही. उलट दोन्ही शुभकार्यं एकाच दिवशी उरकतील म्हणून बरंच वाटलं.

आदल्या संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे इस्त्रीचे कपडे घेऊन आलो. समारंभाची म्हणून खास पॅन्ट, खास शर्ट. जिन्याखालचा दिवा गेला होता. मी अंधारात घड्याळाचं दार उघडलं, हात घातला, तर हाताला काहीतरी लोंबतं लागलं. वाटलं, मालकांनी माझी सोय म्हणून आत आकडाच लावून ठेवलाय! किती तो चांगुलपणा! माझे डोळे भरून आले. मी पॅन्ट त्या आकड्यावर नीट घडी घालून टांगली, शर्ट तिच्यावर, आणि दार लावून शीळ घालत वर गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको निघताना दाराशी घुटमळली. "आज पहिली," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"गुंड्या आज रडला, तर मी संध्याकाळी डॉक्टरांना सांगणार आहे, उद्यापासून येत नाही म्हणून. तुम्ही काही बोलू नका. माझं ठरलंय." आणि ती लाड न करता, मागे न बघता गेली. दारामागे ती क्षणभर थांबली असावी, कारण तिच्या चपलांचा आवाज जरा उशिरा सुरू झाला.

मी थोड्या वेळाने पायजम्यात जांभई देत बाहेर पडलो. दार ओढून घेतलं. कान लावला. आत चिडीचूप. मनात म्हटलं, जिंकलो! जिना उतरून खाली आलो, आणि जिन्याखाली घड्याळ नव्हतं.

घड्याळ नव्हतं म्हणजे कपडे नव्हते, बूट नव्हते, बॅग नव्हती, किल्ल्या नव्हत्या. भिंतीवर फक्त घड्याळाच्या आकाराची एक स्वच्छ जागा होती. मालकांच्या दुकानाला कुलूप होतं. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने हसत सांगितलं, "मालक मघाशीच टेम्पोतून गेले. मोठं घड्याळ घोंगडीत गुंडाळून. कुठल्या तरी हापिसात समारंभ आहे म्हणे. बरेच दिवस खपत होते, यंत्रबिंत्र सगळं बसवलं त्यांनी."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. काल मी ज्याला आकडा समजलो तो लंबक होता.

आता काय करावं? दार उघडता येत नव्हतं. बायकोकडे किल्ली मागायला जावं तर नोकरीच्या ठिकाणी नवरा हत्तींच्या पायजम्यात हजर, म्हणजे तिची नोकरी मीच घालवल्यासारखं झालं असतं. शिवाय दार उघडून आत जाऊन पुन्हा बाहेर पडायचं, तर गुंड्याला सगळं कळणार, तो गळा काढणार, आणि सगळं मुसळ केरात. एकच मार्ग होता. समारंभ सुरू व्हायच्या आत कचेरीत पोचायचं आणि घड्याळातून हळूच कपडे काढून घ्यायचे.

रस्त्याने मी व्यायामाला निघालेल्या माणसासारखा धावत गेलो. (हत्तींचा पायजमा घालून धावताना चेहरा गंभीर ठेवला की लोक फार विचारत नाहीत. स्लिपर मात्र निघू द्यायची नाही.) कचेरीच्या मागच्या दाराशी आमचे शिपाई उभे होते. त्यांना सगळे मामाच म्हणतात. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काय हो, आज संप आहे काय?"

"मामा, घड्याळ कुठाय?"

"हॉलमध्ये, स्टेजवर. लाल रिबीन बांधलीय. तुम्हीच तर सांगितलं होतं, गाठ पक्की मारा म्हणून. तीन गाठी मारल्यात."

"लोक आलेत?"

"सगळे. साहेबपण आले. ते कधी उशिरा आलेत का?"

"मामा, मला काहीतरी अंगावर घालायला द्या. काहीही."

मामांनी खुंटीवरचा रेनकोट काढून दिला. आमच्याकडे पाइप फुटला की दुरुस्तीची माणसं घालतात, तो पिवळा, घोट्यापर्यंत येणारा, टोपीसकट. बाहेर कडक ऊन पडलं होतं. मी तो गळ्यापर्यंत बंद केला आणि भिंतीच्या कडेकडेने हॉलमध्ये शिरलो. पडद्यामागून स्टेजवर जायचं, रिबीन सोडायची, दार किलकिलं करायचं, असा माझा बेत होता.

पण साहेबांची नजर घारीची. भाषण करता करता ते थांबले. "अहो, थांबा! रेनकोट? कुठे फुटली?"

मी म्हटलं, "काय साहेब?"

"मेन लाइन! मेन लाइन फुटली ना? बोला!"

हॉलमध्ये एकच गडबड उडाली. पाइपलाइनचे इंजिनियर उठून उभे राहिले, मागच्या रांगेतली दुरुस्तीची माणसं पाने-पकडी शोधायला धावली, कोणीतरी वॉल्व्ह बंद करायला फोन लावला. अर्ध्या गावाचं पाणी बंद व्हायची वेळ आली, तेव्हा मला ओरडावं लागलं, "काही फुटलेलं नाही! मी... मला जरा थंडी वाजतेय!"

एवढ्या उकाड्यात? सगळे माझ्याकडे बघत राहिले. साहेबांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "बरं, वर या. व्यवस्था तुमचीच आहे. घड्याळाचं तेवढं होऊन जाऊ दे."

स्टेजवर मालक नव्या कोटात उभे होते. त्यांनी मोठ्या रुबाबात रिबीन कापली, किल्ली दिली, काटे लावले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घड्याळ चालेना. मालकांनी पुन्हा किल्ली दिली. घड्याळाने एकदाच 'टक्' केलं आणि आतून काहीतरी कुरकुरलं.

"इतके दिवस खपून बसवलंय मी याचं यंत्र!" मालकांना घाम फुटला. "आत काहीतरी अडकलंय." आणि मी "मालक, नको!" म्हणेपर्यंत त्यांनी खालचं दार सताड उघडलं.

लंबकावर माझी पॅन्ट होती. तिच्यावर माझा शर्ट. खाली जोडीने माझे बूट. पॅन्टीच्या पायावर गुंड्याचे केससुद्धा होते.

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. आधी कोणाला कळलंच नाही. साहेब पुढे झाले, चष्मा लावला, पॅन्ट नीट पाहिली आणि म्हणाले, "घड्याळ उत्तम आहे हो, पण ही मला आखूड होईल."

मग मात्र छप्पर उडायची पाळी आली. त्या हशात मी पुढे होऊन पॅन्ट काढायला वाकलो, रेनकोटाची बटणं सुटली, आणि पिवळे हत्ती सगळ्या खात्याला दिसले. पुढचं मी सांगत नाही. साहेबांनी मला आपणहून अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली आणि 'विश्रांती घ्या' असं दोनदा सांगितलं. कडक माणसाने इतकं मऊ बोललेलं ऐकून मला जास्त वाईट वाटलं. माझे कपडे काढल्यावर घड्याळ मात्र झकास चालायला लागलं.

परत येताना मी आणि मालक टेम्पोत शेजारी शेजारी बसलो होतो. मी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई, किल्ल्या, बायकोची नोकरी. मालकांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे तुम्हाला बायकोने बाहेर काढलेलं नव्हतं?"

"नाही हो."

"आणि मी तुम्हाला फुकट चहा पाजत होतो." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "ते असू दे. पण आज पहिली तारीख, आणि सकाळपासून मी घरीच नाही. कुत्रा रडला की नाही, मला काय कळणार?"

एवढं सगळं करून परीक्षक गैरहजर!

आम्ही जिन्याने पाय न वाजवता वर गेलो. आमच्या दाराशी बायको नुकतीच येऊन धापा टाकत उभी होती. तिच्या गळ्यात दवाखान्याचं ओळखपत्र तसंच लटकत होतं, चेहरा पांढराफटक पडला होता. मला पाहताच तिने माझे दोन्ही दंड धरले.

"तुम्ही बरे आहात ना? मामांचा फोन आला होता. म्हणाले, तुमचे मिस्टर पायजम्यात आले, रेनकोट घातलाय, आणि त्यांची पॅन्ट घड्याळात निघाली. मला काही समजेचना हो! मी तशीच पळत आले. डॉक्टरांनी एकाची दाढ धरली होती, तेवढ्यात मी ओरडले आणि आले."

"म्हणजे तू काम सोडून आलीस?"

"मग काय करू?"

तिला काही सांगणार, तेवढ्यात मालकांनी ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं. (कशासाठी, ते त्यांनाच ठाऊक. बहुधा त्याशिवाय त्यांना निकाल देता येत नसावा.) मग दाराला कान लावून ते उभे राहिले. आम्ही दोघं श्वास रोखून. आतून एक संथ, भरदार घोरण्याचा आवाज येत होता.

बायकोने किल्ली फिरवली. गुंड्या सोफ्यावर चारी पाय वर करून झोपला होता. त्याने एक डोळा उघडला, आमच्या तिघांकडे पाहिलं, शेपूट एकदा आपटलं आणि डोळा मिटला.

"राहू दे," मालक म्हणाले. "शहाणा आहे. घरात एक तरी असावा." आणि ते खाली गेले.

मी छाती पुढे काढली. "बघितलंस? रोज पायजम्यात गेलो, त्याचं फळ आहे हे."

बायकोने माझ्याकडे फार मायेने पाहिलं. "अहो, तुम्ही रोज आंघोळीला गेलात की त्याला घरात ठेवून मी बाहेर-आत, बाहेर-आत करत होते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं. आधी क्षणभर, मग जिन्यापर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत. तुमची आंघोळ बरीच चालते म्हणून जमलं."

सांगता सांगता ती हसली. पण तिचं हसू लगेच मावळलं. ती खुर्चीत बसली आणि गळ्यातलं ओळखपत्र हातात घेऊन बघत राहिली. "गुंड्याने माझी नोकरी राखली आणि मी आज आपल्या पायांनी ती घालवून आले. पेशंट तोंड उघडून बसलेला असताना कोण पळून जातं?"

चूक माझी होती. मी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. तेवढ्यात तिचा फोन वाजला. दंतवैद्यच होते. ती उठून खिडकीशी गेली. "हो डॉक्टर... माफ करा डॉक्टर... हो, माझे मिस्टरच... हो, घड्याळात... हो, कचेरीत, सगळ्यांसमोर..." मग बराच वेळ ती नुसतंच ऐकत होती. शेवटी "थँक्यू डॉक्टर" म्हणाली आणि फोन ठेवला. तिचे डोळे भरले होते, पण ती हसत होती. दवाखान्याचे किस्से सांगताना हसते ना, अगदी तशी.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"उद्यापासून मला पक्की केली."

"अरे वा! काम आवडलं म्हणायचं!"

"काम आवडलंच आहे. पण ते म्हणाले, 'बाई, परीक्षेचे दिवस अजून बाकी होते, पण आता थांबण्यात अर्थ नाही. तुमच्या घरात एक तरी नोकरी टिकायला हवी.'"